फॉक्स-बॉडी मस्टँगला पुढचे कॉइलओव्हर निवडताना: रस्ताही हवा, ड्रॅग स्ट्रिपही हवी

१९७९ ते १९९३ या काळातल्या फोर्ड मस्टँगला अमेरिकेत सगळे फॉक्स-बॉडी म्हणतात. आठवडाभर कामावर न्यायची आणि शनिवारी पाव मैलाच्या ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर, उभी करायची, अशा दुहेरी कामाला ही गाडी फार सोयीची आहे. वजनाने हलकी, पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, १९८६ पासून व्ही-८ गाड्यांना मागे ८.८ इंची एक्सल, आणि सुट्या भागांची चणचण नाही. मिशिगन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी ज्यांना हा नाद लागतो, त्यांच्या दारात बऱ्याचदा हीच गाडी येते.

इंजिन झालं, मागचे आर्म झाले, टायर झाले की पाळी पुढच्या सस्पेन्शनची, म्हणजे कॉइलओव्हरची: शॉक आणि त्याच्याभोवतीच बसवलेली स्प्रिंग, असा एकत्र संच. इथे दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, ‘स्प्रिंग किती पौंडाची देऊ?’ म्हणजे एक इंच दबायला किती पौंड भार लागणारी. तो प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. आधी शॉक ठरवावा, मग स्प्रिंग. रस्ता आणि स्ट्रिप यांच्यातलं भांडण स्प्रिंग सोडवत नाही, शॉकची बटणं सोडवतात. स्प्रिंगला फक्त गाडीचं वजन नीट पेलायचं असतं आणि वर-खाली दोन्हीकडे पुरेसा प्रवास ठेवायचा असतो. हे कसं, ते आकड्यांनिशी पाहू.

आधी गाडीची रचना समजून घ्या

फॉक्स-बॉडीच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट (चाकाला धरून ठेवणारा उभा शॉक) आहे, पण जरा वेगळ्या पद्धतीचा. नेहमीच्या मॅकफर्सनमध्ये स्प्रिंग स्ट्रटभोवती असते. इथे फोर्डने ती खालच्या आर्मवर, के-मेंबरच्या (इंजिनखालच्या आडव्या चौकटीच्या) खोबणीत बसवली. म्हणजे गाडीचं वजन के-मेंबरमधून चासीत जातं आणि वरच्या स्ट्रट टॉवरला (स्ट्रटचं वरचं टोक जिथे बसतं त्या पत्र्याच्या भागाला) फक्त डॅम्पिंगचा धक्का सोसावा लागतो. कॉइलओव्हर बसवलं की स्प्रिंग स्ट्रटवर येते आणि पुढचं सगळं वजन टॉवरवर चढतं.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, टॉवरच्या पत्र्याची तपासणी. मिशिगन, न्यू जर्सीसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तीस-चाळीस वर्षांच्या गाडीचे टॉवर आतून गंजलेले असू शकतात. वरचा रंग चकचकीत दिसला म्हणून समाधान मानू नका. चाक काढा, खालून तारेचा ब्रश मारा, जोडावर स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. वेल्डिंगच्या टिपक्यांजवळ भेग किंवा गंजाचे पापुद्रे दिसले तर कॉइलओव्हरचा विचार थांबवा आणि पैसे आधी पत्र्याच्या कामावर घाला.

दुसरी, वरचा माउंट. कंपनीचा रबरी माउंट स्प्रिंगचा भार घ्यायला बनवलेला नाही. कॉइलओव्हरसोबत कॅस्टर-कॅम्बर प्लेट (स्ट्रटचं वरचं टोक सरकवून चाकाचा कल बदलू देणारी) घ्यावीच लागते, तीही चांगल्या गोलाकार बेअरिंगची. काही जण इथे पैसे वाचवतात आणि मग वळताना टॉवरमधून कटकट आवाज येतो अशी तक्रार करत फिरतात.

तिसरी, टायर. स्प्रिंग स्ट्रटवर आली की ती टायरच्या आतल्या बाजूला सरकते. ड्रॅगच्या बारीक पुढच्या चाकांना अडचण नाही, पण रस्त्यासाठी रुंद चाकांचा दुसरा संच ठेवणार असाल तर त्या चाकाचा ऑफसेट (बैठक मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते माप) आणि स्प्रिंगमधली जागा मोजूनच ऑर्डर द्या. म्हणूनच बहुतेक किटमध्ये अडीच इंच आतल्या व्यासाची सरळ स्प्रिंग येते.

पायरी १: गाडी काट्यावर चढवा

अंदाजाने वजन सांगू नका. चार चाकांखाली चार काटे ठेवा, चालक आत बसवा, इंधन नेहमीइतकं भरा. चासीचं काम करणाऱ्या बऱ्याच गॅरेजमध्ये असा संच असतो. ‘मस्टँग आहे म्हणजे तीन हजार दोनशे पौंड’ या हिशेबाला अर्थ नाही. अॅल्युमिनियमची हेड, डिकीत हलवलेली बॅटरी, नळ्यांचा के-मेंबर यांनी पुढचं वजन घटतं. उलट बंपरमागे टर्बो आणि इंटरकूलर आले की ते वाढतं. त्याच मॉडेलच्या दोन गाड्यांच्या नाकावर शे-दोनशे पौंडांचा फरक सहज पडतो.

पुढच्या हिशेबासाठी एक उदाहरण धरू. चालकासकट ३,२५० पौंड, त्यातले ५६ टक्के पुढे. पुढच्या एक्सलवर १,८२० पौंड, म्हणजे एका चाकावर ९१०. चाक, ब्रेक, स्पिंडल (चाक ज्यावर बसतं तो भाग) वगैरे स्प्रिंगच्या खाली लटकणारं वजन साधारण ८५ धरलं, तर एका कोपऱ्यात स्प्रिंगला ८२५ पौंड पेलायचे आहेत.

पायरी २: स्प्रिंगचा दर आणि चाकाचा दर वेगळे ठेवा

स्प्रिंगवर छापलेला आकडा चाकापर्यंत तसाच पोहोचत नाही. चाक एक इंच हललं की स्प्रिंग किती इंच दबते, त्या प्रमाणाला मोशन रेशो म्हणतात. चाकाचा दर काढताना स्प्रिंगच्या दराला या रेशोने दोनदा गुणायचं.

कंपनीच्या पाच लिटर जीटीत पुढची स्प्रिंग ४२५ ते ५३० पौंड प्रति इंच अशी चढत्या दराची होती. ऐकायला केवढी कडक! पण ती आर्मच्या साधारण मध्यावर बसते, रेशो अर्ध्याच्या आसपास, म्हणून चाकाला त्यातला जेमतेम चौथा हिस्सा मिळतो. तीच स्प्रिंग स्ट्रटवर आणली की रेशो ०.९५ च्या आसपास जातो. म्हणून कॉइलओव्हरला १७५ ची स्प्रिंग पाहून ‘इतकी नरम?’ असं वाटायला नको. १७५ ला ०.९५ ने दोनदा गुणलं की चाकाला १५८ मिळतात, म्हणजे मूळ गाडीपेक्षा जास्तच.

हाच मुद्दा मित्राकडून आकडे उसने घेताना आठवावा. पहिल्या पिढीच्या कॅमेरोला किंवा शेव्हेलला दोन आर्मची रचना आहे आणि कॉइलओव्हर खालच्या आर्मच्या मधोमध बसतं. तिथे साडेतीनशेची स्प्रिंग नरम ठरते, तर तुमच्या फॉक्सच्या स्ट्रटवर तीच स्प्रिंग दगड होईल.

आपल्या गाडीचा रेशो मोजणं अवघड नाही. स्प्रिंग काढा, स्ट्रट तसाच ठेवा, जॅकने चाक बरोबर एक इंच उचला आणि स्ट्रटची लांबी किती कमी झाली ते मोजा. उंची राइड हाइटच्या थोडी वर आणि थोडी खाली, अशा दोन्ही ठिकाणी माप घ्या.

पायरी ३: नाक किती उचलणार याचा हिशेब

गैरसमज सर्वांत जास्त इथेच आहे. ‘पुढे नरम स्प्रिंग लावली की मागे जास्त वजन जातं,’ हे वाक्य प्रत्येक स्ट्रिपवर ऐकू येतं. मागे किती वजन सरकणार हे ठरवणाऱ्या गोष्टी चारच: गाडीचं वजन, प्रवेग, गुरुत्वमध्याची उंची आणि व्हीलबेस. स्प्रिंग त्यात नाही.

फॉक्सचा व्हीलबेस १००.५ इंच. गुरुत्वमध्य जमिनीपासून २० इंचांवर धरला आणि सुटताना एक जी (गुरुत्वाइतका) प्रवेग मिळाला, तर ३,२५० गुणिले २० भागिले १००.५, म्हणजे सुमारे ६४७ पौंड मागे जातात. स्प्रिंग कडक असो की नरम. नाक उचलल्याने गुरुत्वमध्यही थोडा वर जातो हे खरं, पण तो पूर्ण एक इंच वर गेला तरी भर पडते फक्त ३२ पौंडांची. एवढ्यासाठी कोणी नाक आभाळात नेत असेल तर तो फोटोसाठी नेतो आहे.

मग स्प्रिंगने बदलतं काय? नाक किती उचलतं ते. ६४७ पौंड पुढून गेले, म्हणजे प्रत्येक पुढच्या चाकावरचे ३२३ कमी झाले. मागच्या चाकाने ओढणाऱ्या गाडीत पुढच्या भूमितीला इंजिनचा जोर लागत नाही, म्हणून उचल अडवायला फक्त स्प्रिंग आणि शॉक असतात. हिशेब असा:

- १५० ची स्प्रिंग: चाकाचा दर १३५, नाक सुमारे २.४ इंच उचलतं
- १७५ ची स्प्रिंग: चाकाचा दर १५८, नाक सुमारे २ इंच उचलतं
- २२५ ची स्प्रिंग: चाकाचा दर २०३, नाक सुमारे १.६ इंच उचलतं
- ३५० ची स्प्रिंग: चाकाचा दर ३१६, नाक सुमारे १ इंच उचलतं

हे स्थिर झाल्यानंतरचे आकडे. तिथपर्यंत नाक किती वेगाने जातं हे शॉकचं काम, आणि टायरला तोच वेग जाणवतो. नाक झटकन वर गेलं की मागच्या टायरवर क्षणभर जादा दाब येतो. पण शॉक पूर्ण ताणला जाऊन ‘ठक्’ असा थांबला, तर तो पुढच्या चाकांना हिसका देऊन वर ओढतो आणि मागच्या टायरवरचा दाब तेवढ्यात हलतो. गाडी पकड घेते आणि दहा-पंधरा फुटांवर सोडते, ही तक्रार अनेकदा इथून सुरू होते.

पायरी ४: रस्त्यासाठी तीच स्प्रिंग तपासा

रस्त्यावर गाडी आरामात चालेल का, हे पाहायला नैसर्गिक कंपनसंख्या काढतात. चाकाचा दर भागिले कोपऱ्यातलं पेललेलं वजन, त्याचं वर्गमूळ, गुणिले ३.१३, उत्तर हर्ट्झमध्ये. आपल्या उदाहरणात १५० च्या स्प्रिंगला १.२७, १७५ ला १.३७, २२५ ला १.५५ आणि ३५० ला १.९४ येतात. साध्या आरामदायी गाड्या एकच्या थोड्या वर असतात, चपळ रस्ता-गाड्या दीडच्या आसपास, आणि दोनच्या जवळ गेलं की काँक्रीटच्या हायवेवरचा प्रत्येक सांधा कमरेला कळतो.

माझं मत सरळ आहे. या वजनाच्या आणि खरोखर दोन्हीकडे वापरायच्या फॉक्सला १७५ घ्या. नाक हलकं केलं असेल, रस्त्यावरचा वापर रविवारच्या फेरीपुरता असेल, तर १५०. वळणाच्या रस्त्यांची आवड जास्त आणि स्ट्रिप वर्षातून दोन-तीनदा, तर २०० ते २२५. त्याच्या पुढे गेलात तर ती गोल ट्रॅकची गाडी झाली, तिचा विचार वेगळा करायचा.

एक सूचना. जपानी आणि तैवानी बनावटीच्या किटवर दर किलो प्रति मिलिमीटरमध्ये असतो. १ किलो प्रति मिलिमीटर म्हणजे ५६ पौंड प्रति इंच. ‘८ के’ लिहिलेली स्प्रिंग म्हणजे जवळपास ४४८ पौंड. आकडा लहान दिसतो म्हणून नरम समजून घेतली तर पहिल्याच खड्ड्यात उत्तर मिळतं.

पायरी ५: स्प्रिंगची लांबी

याकडे फार कमी लोक बघतात. ८२५ पौंड पेलायचे, रेशो ०.९५, म्हणजे प्रत्यक्ष स्प्रिंगवर ८६८ पौंड. १७५ ची स्प्रिंग त्याखाली सुमारे ५ इंच दबते, १५० ची ५.८ इंच, ३५० ची फक्त २.५ इंच.

आता १२ इंच लांबीची १५० ची स्प्रिंग घेतली, तर गाडी उभी असताना ती ६.२ इंचांवर येते. वेटोळी एकमेकांना टेकण्याची उंची चार इंचांच्या आसपास असेल, तर खड्ड्यासाठी उरले जेमतेम सव्वादोन इंच. ब्रेक जोरात दाबला की त्यातला मोठा भाग संपतो. म्हणून इतक्या नरम दराला १४ इंचांची स्प्रिंग घ्यावी. १७५ ला १२ इंच चालते. बनवणाऱ्याने प्रत्येक स्प्रिंगसाठी टेकण्याची उंची दिलेली असते. ती पाहून आपला हिशेब करा, माझ्या ‘चार इंच’वर विसंबू नका.

कडक स्प्रिंगचा त्रास उलटा. ३५० ची स्प्रिंग अडीच इंचच दबलेली असते, त्यामुळे नाक पूर्ण उचललं किंवा गाडी जॅकवर घेतली की ती सैल होऊन जागेवरून सरकू शकते. नरम आणि लांब स्प्रिंग मात्र अडीच इंच उचलीनंतरही तीन इंच दबलेली राहते, म्हणजे शेवटपर्यंत वर ढकलत असते. ड्रॅगवाले लांब नरम स्प्रिंगच्या मागे का लागतात, याचं कारण इतकंच आहे.

पायरी ६: शॉक, जिथे खरे पैसे घालायचे

स्ट्रटच्या दोन चाली असतात. दबताना लागणारा अवरोध म्हणजे कॉम्प्रेशन, ताणताना लागणारा तो रिबाउंड. सुटताना नाक वर जातं, तेव्हा काम रिबाउंडचं. गिअर बदलताना किंवा टायर सुटल्यावर नाक खाली येतं, तेव्हा कॉम्प्रेशनचं.

जुन्या काळी याला एकच उत्तर होतं, ९०/१० स्ट्रट. अवरोधाचे नव्वद भाग दबताना, दहा भाग ताणताना. नाक भुर्रकन वर जातं आणि हळूहळू खाली येतं. स्ट्रिपसाठी झकास, रस्त्यावर मात्र वाईट. प्रत्येक उंचवट्यावर चाक सहज खाली लटकतं पण वर यायला कुरकुरतं, गाडी हलत्या पाण्यावर असल्यासारखी तरंगते, आणि ओल्या रस्त्यावर चुकवाचुकवी करायची वेळ आली तर पुढची चाकं वेळेवर भार घेत नाहीत. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ९०/१० लावू नका. ७०/३० हा मधला मार्ग म्हणून विकला जातो. बजेट अगदीच तुटपुंजं असेल आणि रस्त्याचा वापर थोडा असेल तरच.

बटणवाल्या स्ट्रटमध्ये दोन जाती. एका बटणाचा, आणि दोन बटणांचा. एका बटणाचा स्ट्रट घेताना ते बटण नेमकं काय बदलतं हे विचारा. काहींत फक्त रिबाउंड बदलतो, काहींत दोन्ही एकदम. दोन्ही एकदम बदलणारा स्ट्रट आपल्या कामाला अपुरा, कारण स्ट्रिपवर आपल्याला रिबाउंड सैल आणि कॉम्प्रेशन घट्ट हवं, म्हणजे दोन विरुद्ध दिशा. दोन बटणांच्या स्ट्रटमध्ये क्यूए१ प्रत्येक बटणाला १८ जागा देतं, व्हायकिंग १९. जागांची संख्या पाहून मात्र निवड करू नका. पहिल्या आणि शेवटच्या जागेत प्रत्यक्ष किती पौंडांचा फरक पडतो, याचा डायनो आलेख (शॉक यंत्रावर तपासून काढलेला) मागा. चांगले बनवणारे तो देतात. ज्याच्याकडे आलेख नाही त्याच्या बटणाला ‘टिक टिक’ आवाजापलीकडे फारसा अर्थ नसू शकतो.

पैसे मर्यादित असतील तर माझा क्रम असा: दोन बटणांचा स्ट्रट, मग चांगली कॅस्टर-कॅम्बर प्लेट, मग स्प्रिंग, आणि शेवटी नळ्यांचा के-मेंबर. के-मेंबरने नाकावरचं वजन घटतं आणि हेडर किंवा टर्बोसाठी जागा होते, पण त्याने बऱ्याचदा स्टिअरिंग रॅकची जागा थोडी बदलते. मग बंप स्टिअर, म्हणजे चाक वर-खाली होताना त्याचं आपोआप वळणं, नव्याने तपासावं लागतं. ज्या के-मेंबरला स्प्रिंगची खोबणीच नाही तो घेतला तर कॉइलओव्हर हा पर्याय राहत नाही, सक्ती होते, हेही आधी ध्यानात घ्या.

आधीचा स्ट्रट चांगला असेल तर त्यावर आटे पाडलेली नळी चढवून कॉइलओव्हर करता येतं. स्वस्त मार्ग आहे आणि वाईट नाही. मात्र नळी त्याच स्ट्रटच्या व्यासाची हवी. तसंच १९९४ नंतरचे स्पिंडल लावले असतील तर स्ट्रट कोणत्या सालच्या स्पिंडलसाठी आहे ते दुकानदाराला सांगून घ्या, कारण १९९४-९५ आणि १९९६ नंतरचे स्पिंडल सारखे नाहीत.

पायरी ७: बसवताना

जुनी स्प्रिंग काढणं हे या कामातलं सर्वांत धोक्याचं. ती आर्म आणि के-मेंबरच्या मध्ये शेकडो पौंडांनी दबलेली असते. गाडी भक्कम स्टँडवर, आर्मखाली जॅक, स्प्रिंगमधून साखळी ओवून चासीला बांधलेली, आणि मगच स्ट्रटचे बोल्ट सोडून जॅक हळूहळू खाली. कोणीही समोर उभं राहायचं नाही.

नव्या स्ट्रटच्या आट्यांना आधीच अँटी-सीझ लावा. अॅल्युमिनियमचे आटे मिठाच्या रस्त्यावर एका हिवाळ्यात जाम होतात आणि मग उंची बदलायला पान्याबरोबर हातोडाही लागतो. स्प्रिंग आणि वरच्या बैठकीमध्ये सपाट थ्रस्ट बेअरिंग घाला. स्टिअरिंग फिरवल्यावर स्ट्रटसोबत स्प्रिंगही फिरते; बेअरिंग नसेल तर ती पिळली जाते आणि टण्णकन सुटते.

उंची ठरवताना गाडी जमिनीवर घ्या, दोन-चार वेळा पुढे-मागे ढकला, मग मोजा. स्ट्रटच्या दांड्याचा एकूण प्रवास मोजून ठेवलेला हवा. रस्ता-गाडीत उभ्या अवस्थेत साठ टक्के प्रवास दबण्यासाठी आणि चाळीस टक्के ताणण्यासाठी शिल्लक असावा, हा जुना ठोकताळा आहे. आपल्या गाडीला पन्नास-पन्नासकडे झुकायला हरकत नाही, कारण अडीच इंच उचल सामावून वर अर्धा-पाऊण इंच शिल्लक राहायला हवा. गाडी फार खाली बसवली की दबण्याचा प्रवास संपतो. फार वर ठेवली की ताणण्याचा. गाडी दीड-दोन इंच खाली हवीच असेल तर आखूड बांध्याचा स्ट्रट घ्या.

आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच शेवटचे आवळा. मग अलाइनमेंट. रस्त्यासाठी अर्धा ते एक अंश उणे कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला), प्लेट देईल तितका अधिक कॅस्टर (स्ट्रटचं वरचं टोक मागे झुकलेलं), साडेतीन-चार अंश मिळाले तर उत्तम. त्यामुळे सरळ रेषेत ताशी शंभर मैलांच्या पुढे गाडी हातात शांत राहते. टो (दोन्ही चाकांची तोंडं आत किंवा बाहेर किती वळली आहेत ते) पुढे एक सोळांश इंच आत. टो नाक दोन इंच उचलून पुन्हा मोजा. उचलल्यावर चाकं बाहेर फाकत असतील तर सुटताना स्टिअरिंग दोन्हीकडे ओढेल, आणि त्याचा इलाज रॅकच्या किंवा टाय-रॉडच्या उंचीत आहे, शॉकमध्ये नाही.

पुढचा अँटी-रोल बार (वळताना गाडी कलू न देणारी दांडी) ड्रॅगवाले काढून टाकतात. नरम कॉइलओव्हर लावलेल्या रस्ता-गाडीत तो ठेवा. स्ट्रिपवर पोहोचल्यावर एका बाजूची लिंक सोडायची आणि निघताना जोडायची, एवढं काम दहा मिनिटांचं आहे.

पायरी ८: स्ट्रिपवर बटणं फिरवणं

सुरुवात बटणांच्या मध्यावरून. रिबाउंड मध्यापेक्षा थोडा सैल, कॉम्प्रेशन थोडं घट्ट. दांड्यावर प्लॅस्टिकची झिप टाय घट्ट बांधा, ती कुठवर सरकली त्यावरून सर्वांत जास्त किती दबलं हे कळतं. ताण पाहायला कोणाला तरी बाजूला उभं करून मोबाइलवर स्लो मोशन काढा. कागदावर पहिल्या साठ फुटांची वेळ लिहा, पूर्ण पाव मैलाची नंतर. एका फेरीला एकच बदल, आणि मागचे शॉक त्या दिवशी हलवायचे नाहीत.

टायर लगेच फिरत असतील आणि व्हिडिओत नाक आळसावून उठत असेल, तर रिबाउंड दोन जागा सैल करा. टायरने पकड घेतली पण दहा-पंधरा फुटांवर सुटली, नाक सटकन वर जाऊन थांबलं, तर उलट दोन जागा घट्ट. पुढची चाकं हवेत जात असतील तरी तेच, रिबाउंड घट्ट; तरीही जात असतील तर उचल पट्ट्याने मर्यादित करा. दुसरा गिअर पडताना नाक आपटत असेल किंवा खाली येऊन पुन्हा उसळत असेल, तर कॉम्प्रेशन घट्ट.

मागच्या टायरच्या दोन जाती, ड्रॅग रेडियल आणि जुन्या पद्धतीचे बिननक्षीचे स्लिक, यांचा स्वभाव वेगळा. स्लिकला सुरुवातीचा झटका आवडतो, त्याची बाजू सुरकुतते आणि तो झटका पचवते. रेडियलची बाजू ताठ, त्याला दाब एकसारखा हवा. म्हणून रेडियलवर नाक संथ उठू द्या, विशेषतः स्ट्रिपवर पकडीसाठीचा गोंद कमी मारलेला असेल तेव्हा. मॅन्युअल गिअरबॉक्सची गाडी क्लच सुटताना आधीच झटका देते, तिलाही रिबाउंड जरा घट्टच बरा.

अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींची संघटना एनएचआरए, तिच्या नियमांत प्रत्येक चाकाला चालू स्थितीतला शॉक हवा असतो, त्यामुळे तेल गळणारा स्ट्रट तपासणीत तुम्हाला रांगेतून बाहेर काढू शकतो.

रस्त्यावर परत येताना

स्ट्रिपची सेटिंग लावून हायवेने घरी येऊ नका. रिबाउंड घट्ट, कॉम्प्रेशन सैल, लिंक जोडलेली, टायरची हवा पूर्ववत. दोन्ही सेटिंग ग्लोव्ह बॉक्समधल्या चिठ्ठीवर लिहून ठेवा: ‘शेवटच्या घट्ट जागेपासून किती टिक मागे’ अशा भाषेत, म्हणजे मोजताना घोळ होत नाही. उंचवट्यानंतर गाडी डुलत राहिली तर रिबाउंड वाढवा. बारीक खडबडीतपणा हातात येत असेल तर कॉम्प्रेशन कमी करा.

भारतात हे करणाऱ्यांसाठी दोन शब्द. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या ड्रॅग शर्यतींत पुढच्या चाकाने ओढणाऱ्या गाड्याही असतात, आणि त्यांना वरची बटणांची गणितं उलटी लागू होतात. तिथे पकड पुढच्या टायरला हवी, नाक उठणं म्हणजे नुकसान. म्हणून पुढे रिबाउंड घट्ट, मागे स्प्रिंग कडक. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं. रस्त्यावरच्या गाडीला हात घालण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

पहिल्या पाचशे मैलांनंतर गाडी पुन्हा स्टँडवर घ्या. स्प्रिंगखालच्या लॉक रिंग सैल झाल्या आहेत का, प्लेटचे बोल्ट टॉवरमध्ये रुतले आहेत का, वरच्या बेअरिंगमध्ये हालचाल आहे का, स्प्रिंग टायरला किंवा ब्रेकच्या नळीला घासल्याची खूण आहे का, हे सगळं बघा. नवी स्प्रिंग थोडी बसते, त्यामुळे उंची पाव इंच उतरलेली आढळेल. ती दोन्ही बाजूंना सारखी वर घ्या आणि टो परत तपासा.